टेस्ट असते हळू चालवण्याची: नाशिकमध्ये पक्क्या लायसन्सची तयारी

ड्रायव्हिंग टेस्टला नापास होणाऱ्यांना गाडी चालवता येत नसते असं नाही. भल्या सकाळी मोकळ्या गंगापूर रोडवर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ते व्यवस्थित चालवतात. अडचण अशी की टेस्टमध्ये चौथा गिअर फारसा लागतच नाही. तिथे लागतो पहिला गिअर, रिव्हर्स, हाफ क्लच आणि चालत्या माणसाइतका वेग. त्या वेगात गाडी तुमच्या ताब्यात आहे का आणि तेव्हा तुमची नजर कुठे कुठे जाते, हे प्रामुख्याने पाहिलं जातं. वेगात गाडी सरळ ठेवायला फार कौशल्य लागत नाही, ती आपोआप सरळ जाते. कस लागतो तो हळू चालवण्यात. म्हणून सरावाचा मोठा वाटा हळू चालवण्याला द्या, हे आमचं पहिलं आणि सगळ्यात ठाम सांगणं.

तारखांचा हिशोब आधी करा

लर्निंग लायसन्स मिळाल्यापासून ३० दिवस होईपर्यंत पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येत नाही. लर्निंगची मुदत ६ महिने. या दोन टोकांच्या मध्ये टेस्ट कधी द्यायची याचा विचार फार कमी जण करतात. ‘अजून हात बसू दे’ म्हणत पाचवा महिना उलटतो आणि मग धावाधाव सुरू होते.

नापास झालात तर पुढची टेस्ट किमान ७ दिवसांनी देता येते. तीनदा नापास झालात तर तिसऱ्या टेस्टपासून ६० दिवस थांबावं लागतं. आता हिशोब मांडा. पहिली टेस्ट चाळिसाव्या दिवसाच्या आसपास दिली, तर तिन्ही वेळा बिनसलं आणि ६० दिवसांचा खंड पडला तरी लर्निंगच्या मुदतीत चौथी संधी उरते. तीच पहिली टेस्ट १६५व्या दिवशी दिली तर फार तर आणखी दोन प्रयत्न होतात, तेही स्लॉट, म्हणजे टेस्टची ठरलेली वेळ, लगेच मिळाला तर. मुदत संपली की नवं लर्निंग, नवी फी आणि पुन्हा ३० दिवसांची वाट.

फी केंद्रीय नियमांनी ठरलेली आहे. लर्निंगसाठी दर वर्गाला १५० रुपये, त्याच्या परीक्षेचे ५०, ड्रायव्हिंग टेस्टचे दर वर्गाला ३०० आणि पक्क्या लायसन्सचे २००. यावर राज्याचे आणि पोस्टाचे आकार येतात. ‘दर वर्गाला’ याचा अर्थ दुचाकी आणि मोटार अशी दोन्ही लायसन्सं हवी असतील तर टेस्टची फी दोनदा. नापास झालात तर फेरटेस्टचे ३०० रुपये पुन्हा भरायचे.

वर्ग निवडताना एक चूक फार होते. घरात गिअर नसलेली स्कूटर आहे म्हणून अर्जात ‘विनागिअर दुचाकी’ निवडली जाते, आणि दोन वर्षांनी मोटारसायकल घेतली की लक्षात येतं की हे लायसन्स तिला चालत नाही. पुढे मोटारसायकल चालवायची शक्यता असेल तर सुरुवातीलाच गिअरच्या दुचाकीचा वर्ग घ्या आणि टेस्टही गिअरच्याच गाडीवर द्या. मोटारीचं तसं नाही. हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स साध्या आणि ऑटोमॅटिक अशा दोन्ही गाड्यांना चालतं.

अर्ज आणि स्लॉट परिवहन खात्याच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर. नाशिकचं प्रादेशिक परिवहन कार्यालय, म्हणजे एमएच १५, पेठ रोडला आहे. मालेगावचं कार्यालय वेगळं, एमएच ४१. आपला अर्ज कोणत्या कार्यालयाकडे गेला आहे ते स्लॉटच्या पावतीवर नीट वाचा.

ड्रायव्हिंग स्कूल: तास मोजून घ्या

मोटारीसाठी ड्रायव्हिंग स्कूलचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं असावं आणि त्यात प्रत्यक्ष चालवणं किमान १० तास व्हावं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. एका गाडीत चार विद्यार्थी बसतात आणि तासभर फेरी होते. तुमच्या हातात स्टिअरिंग येतं १५ मिनिटं. २१ दिवसांचे झाले सव्वापाच तास, नियमाच्या जेमतेम निम्मे. म्हणून पैसे भरण्याआधीच विचारा की माझ्या हातात स्टिअरिंग एकूण किती तास असेल. हा प्रश्न विचारायला अजिबात संकोच करू नका.

दुसरी गोष्ट त्या गाडीची. प्रशिक्षकाच्या पायाशी क्लच आणि ब्रेकची वेगळी पेडल असतात. ती सुरक्षेसाठी आहेत आणि असायलाच हवीत. पण गाडी बंद पडायच्या बेतात आली की प्रशिक्षक हळूच क्लच दाबतो, चढावर मागे सरकायला लागली की ब्रेक लावतो, आणि विद्यार्थ्याला वाटतं आपणच सावरलं. शेवटच्या आठवड्यात त्यांना स्पष्ट सांगा: ‘सर, धोका असेल तरच पाय लावा. बंद पडली तर पडू द्या.’ त्या आठवड्यात गाडी जितक्या वेळा बंद पडेल तितकं तुमच्या फायद्याचं.

घरच्या गाडीवर सराव करणार असाल तर शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती हवीच, आणि गरज पडली तर तिला गाडी थांबवता येईल अशा जागी ती बसलेली हवी. पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षराची उंची किमान १० सेंटिमीटर. दुचाकीवर शिकवणारा सोडून मागे कोणालाही बसवता येत नाही. टेस्टच्या दिवशी लर्निंगवर एकट्याने गाडी चालवत आरटीओत पोहोचणं हेसुद्धा नियमाबाहेरचंच आहे.

किल्ली फिरवण्याआधी

टेस्टमध्ये काय काय तपासायचं याची लांबलचक यादी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १५ मध्ये आहे. तिची सुरुवात आरसा नीट लावण्यापासून होते आणि इंजिन सुरू करण्याआधीची खबरदारी लगेच त्यानंतर येते. यादी वाचून टेस्टला जाणारे थोडे, म्हणून इथेच गुण हातचे जातात.

क्रम असा ठेवा. आधी सीट. क्लच पूर्ण खाली दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल तर सीट लांब आहे आणि तुम्ही टाचेऐवजी मांडीने क्लच सोडाल, म्हणजे झटके बसणार. पाठ टेकलेली असताना हाताचं मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकावं. मग आरसे: आतल्या आरशात मागची काच पूर्ण दिसावी, बाहेरच्या आरशांत आपल्या गाडीची कड अगदी थोडी आणि क्षितिज साधारण मध्यावर. सीट हलवली की आरसे पुन्हा लावावे लागतात, म्हणून सीट आधी. मग सीटबेल्ट. मग हँडब्रेक ओढलेला आहे ना आणि गिअर न्यूट्रलला आहे ना हे हाताने हलवून पाहायचं. गाडी गिअरमध्ये ठेवून किल्ली फिरवली आणि ती उडी मारून पुढे गेली, तर पुढचं सगळं अवघड होतं.

हे सगळं एका मिनिटाच्या आत होतं. आधीच्या उमेदवाराने सीट त्याच्या मापाने ठेवलेली असते. ‘साहेब थांबलेत’ म्हणून घाईने तशीच गाडी काढू नका. इन्स्पेक्टरला ही तयारी दिसायलाच हवी असते.

क्लच: टेस्टचा अर्धा भाग इथेच

क्लच हा इंजिन आणि चाकं यांना जोडणारा दुवा. पेडल पूर्ण दाबलं की दोघं सुटे, पूर्ण सोडलं की घट्ट जोडलेले. मधल्या थोड्या पट्ट्यात क्लचची तबकडी घासत-घासत पकड घेते. हळू चालवण्याचं सगळं काम त्या पट्ट्यात होतं आणि प्रत्येक गाडीत तो वेगळ्या उंचीवर असतो. क्लच जुना असेल तर बराच वर.

तो शोधायचा सराव असा. सपाट, मोकळी जागा. पहिला गिअर, अॅक्सिलरेटरवर पाय अजिबात नाही. क्लच अगदी सावकाश सोडत या. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. तिथेच पाय थांबवा. गाडी सरकायला लागेल. आता पाय एखाद्या सेंटिमीटरएवढा खाली घ्या, गाडी मंदावेल. वर घ्या, पुढे जाईल. अॅक्सिलरेटरला हात न लावता, नुसत्या क्लचवर गाडी वीस-तीस मीटर नेणं, हव्या त्या खुणेवर थांबवणं आणि पुन्हा काढणं, हे जमेपर्यंत पुढच्या कशालाही हात घालू नका. टाच जमिनीला टेकवून चवड्याने क्लच हलवलात तर एवढी बारीक हालचाल साधते.

गाडी बंद का पडते? पकड आल्यावर पाय तिथे न थांबता वर सुटतो, इंजिनावर एकदम पूर्ण भार येतो आणि ते दबून जातं. भीतीने अॅक्सिलरेटर जास्त दिला तर गाडी बंद पडत नाही, पण उसळते. दोन्हीवर उपाय एकच: पकडीच्या जागी पाय दोन सेकंद धरून ठेवणं.

टेस्टमध्ये गाडी एकदा बंद पडली तर घाबरू नका. ब्रेक, क्लच, न्यूट्रल, किल्ली, पहिला गिअर, आरसा आणि पुढे. बंद पडलेली गाडी शांतपणे सुरू करता येणं हाही गाडीवरच्या ताब्याचाच भाग. गडबडीत न्यूट्रल न करता किल्ली फिरवणं ही मात्र खरी चूक.

आठ, एच आणि रिव्हर्स

टेस्टच्या ट्रॅकवर मोटारीसाठी आठचा आकडा, इंग्रजी एचचा आकार (म्हणजे त्या आकारात आखलेल्या रेषांमधून गाडी नेणं), रिव्हर्स किंवा पार्किंग, आणि चढ असे प्रकार घेतले जातात. कुठे निरीक्षक स्वतः पाहतात, कुठे कॅमेरे आणि सेन्सर पाहतात. संगणकीकृत ट्रॅकवर रेषेला चाक लागलं की लगेच नोंद होते. काही ठिकाणी वेळेला आणि मध्ये थांबण्यालाही मर्यादा असते. तुमच्या ट्रॅकचे हे नियम पाटीवर वाचा किंवा तिथल्या कर्मचाऱ्यांना आधी विचारा.

एच आणि आठ, दोन्हीत माणसं अडकतात ती मागच्या चाकामुळे. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतून कापत जातात. साध्या हॅचबॅकमध्ये पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर सुमारे २.४ मीटर असतं. स्टिअरिंग पूर्ण वळवून घेतलेल्या वळणात मागचं आतलं चाक पुढच्यापेक्षा साधारण तीन फूट आत येतं. म्हणजे पुढचं चाक रेषेपासून फूटभर लांब ठेवून तुम्ही निर्धास्त वळलात तरी मागचं चाक रेषेवर चढणारच. बघणाऱ्याला वाटतं चालवणाऱ्याचा अंदाज चुकला, पण हा भूमितीचा हिशोब आहे आणि तो आधी माहीत असला की सुटतो. डावीकडे वळायचं असेल तर आधी थोडं उजव्या रेषेकडे राहा, आणि वळणाचा कोपरा तुमच्या खांद्याच्या रेषेत येऊ लागल्यावरच स्टिअरिंग पूर्ण फिरवा. लवकर फिरवणाऱ्यांचंच मागचं चाक रेषेला लागतं.

रिव्हर्सला सगळं उलटं वाटतं, पण नियम सोपा आहे: गाडीचा मागचा भाग ज्या बाजूला न्यायचा त्याच बाजूला स्टिअरिंग. मागचा भाग डावीकडे गेला की नाक उजवीकडे झुकतं, आणि नवशिक्यांची पुढची उजवी कड खांबाला किंवा कोनला लागते ती याच वेळी. म्हणून रिव्हर्सला मागे पाहत असताना दर दोन-तीन सेकंदांनी पुढच्या कोपऱ्यांकडेही नजर टाकावी लागते. मान डावीकडे वळवून मागच्या काचेतून बघा, आरसे आळीपाळीने बघा. चाक आणि रेषा दिसत नसेल तर डावा आरसा थोडा खाली वळवून ठेवता येतो, पण हे गाडी थांबलेली असताना. सुटायच्या आधी पुन्हा जागेवर.

स्टिअरिंगचा हिशोब डोक्यात ठेवा. बहुतेक गाड्यांत सरळ अवस्थेपासून एका बाजूला ते साधारण दीड फेरा फिरतं. किती फेरे फिरवले हे विसरलात की चाकं सरळ झाली की नाही ते कळत नाही, आणि पुढे जाताना गाडी भलतीकडेच निघते. सरावात मोठ्याने मोजा: अर्धा, एक, दीड. परत येताना तेवढंच उलट. गाडी सरकत असतानाच स्टिअरिंग फिरवा. उभ्या गाडीत फिरवलं की टायर घासतात आणि हातही जड पडतो.

सरावासाठी विटा किंवा दगड नकोत, रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्यांत थोडं पाणी भरून ठेवा. लागलं तर आवाज येतो, गाडीला काही होत नाही. जागा म्हणून सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतले आतले रस्ते कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी बरे पडतात. भद्रकाली, मेनरोड, रविवार कारंजा हा जुना भाग मात्र पहिल्या महिन्यात टाळा. तिथे गाडी शिकता येत नाही, फक्त दडपण येतं.

चढावर थांबून निघणं

नियमात स्पष्ट लिहिलं आहे: चढावर थांबवलेली गाडी हँडब्रेक किंवा अॅक्सिलरेटर आणि पायाचा ब्रेक नीट वापरून, मागे न सरकता पुढे काढता आली पाहिजे. सगळ्यात जास्त धास्ती याच प्रकाराची असते.

पायाच्या ब्रेकने थांबा. हँडब्रेक घट्ट ओढा, मग पायाचा ब्रेक सोडा. गाडी हँडब्रेकवर उभी राहते ना ते पाहा. राहत नसेल तर हँडब्रेक सैल आहे आणि ती गाडी टेस्टला आणायच्या लायकीची नाही. क्लच दाबून पहिला गिअर. अॅक्सिलरेटर हलका द्या, इंजिन नेहमीच्या निवांत आवाजापेक्षा थोडं वर आलं पाहिजे. आता क्लच पकडीपर्यंत सोडा. बॉनेट उचललं जाईल, मागचा भाग किंचित दबेल. ही खूण दिसेपर्यंत हँडब्रेकला हात लावलेला असू दे, पण सोडू नका. खूण दिसली की हँडब्रेक किंचित वर ओढून बटण दाबा आणि खाली सोडा. गाडी जागेवर राहील किंवा पुढे सरकेल. मागे नक्की जाणार नाही.

मागे सरकते ती हमखास या कारणाने: बॉनेट उचलायच्या आधीच घाईने हँडब्रेक सुटतो. गाडी मागे जाऊ लागली तर जास्त अॅक्सिलरेटर देऊन वाचवायला जाऊ नका, सरळ ब्रेक मारा आणि पहिल्यापासून करा. नव्या गाड्यांत चढावर ब्रेक एक-दोन सेकंद आपोआप धरून ठेवण्याची सोय असते. शिकताना त्या सोयीवर विसंबलात आणि टेस्टला दुसरी गाडी आली तर फजिती होते.

नाशिकमध्ये याच्या सरावाला घारपुरे घाट आहे. रामवाडी पुलाकडून अशोकस्तंभाकडे चढताना वर वाहनं अडली की चढावरच थांबावं लागतं. पण गर्दीच्या वेळी तिथे शिकायला जाऊ नका. मागे रिक्षा आणि दुचाकी बंपरला चिकटून उभ्या असतात. सकाळी लवकर जा, मागे गाडी नसताना डाव्या कडेला थांबून पाच-सहा वेळा काढा.

उतारावर उलट शिस्त: गाडी न्यूट्रलला टाकायची नाही. खालचा गिअर ठेवला की इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. कसारा घाट उतरणाऱ्याला हे कळायलाच हवं, आणि उतारावर झटपट खालचा गिअर घेता येणं टेस्टच्या यादीतही आहे.

दुचाकीचा आठचा आकडा

पाय टेकला की संपलं, असा हा प्रकार. पाय टेकतो तो बहुतेकदा नजर पुढच्या चाकावर असल्यामुळे. दुचाकी नजर जाते तिकडे जाते. वळणात शिरलात की डोकं वळवून त्या वळणाच्या शेवटाकडे बघा.

दुसरं कारण, वळणात अॅक्सिलरेटर पूर्ण बंद करणं. वेग मेला की गाडी कलंडते. गिअरच्या गाडीवर पहिला किंवा दुसरा गिअर, क्लच अर्धा, अॅक्सिलरेटर एकसारखा हलका आणि वेग फक्त मागच्या ब्रेकने सांभाळायचा. गिअर नसलेल्या स्कूटरवर क्लच हाताशी नसतो, म्हणून अॅक्सिलरेटर किंचित उघडा ठेवून डाव्या हाताच्या मागच्या ब्रेकने ओढून धरा. वळणात पुढचा ब्रेक दाबलात तर हँडल आत दुमडतं आणि गाडी आडवी होते. गाडी आत झुकली तरी अंग सरळ किंवा किंचित बाहेर. गुडघ्यांनी टाकी धरा.

हेल्मेट घालून, पट्टा लावून या. पट्टा न लावलेलं हेल्मेट म्हणजे हेल्मेट नाहीच. सरावही हेल्मेट घालूनच करा, नाहीतर टेस्टला मान वळवताना वेगळंच वाटतं.

रस्त्यावरची टेस्ट

आरटीओबाहेरचा पेठ रोड साधा नाही. पेठमार्गे गुजरातकडे जाणारी अवजड वाहनं असतात, मार्केट यार्डाच्या भाजीच्या गाड्या असतात. शक्य असेल तर आधी दोन-तीनदा याच भागात, टेस्टच्याच वेळेला, सराव करून घ्या.

दिशा बदलताना प्रत्येक वेळी हाच क्रम: आरसा, इंडिकेटर, मान किंचित वळवून खांद्यामागची नजर, मग हालचाल. इंडिकेटर आधी आणि आरसा नंतर, ही चूक सर्रास होते. त्यात मागून येणाऱ्याला तुम्ही विचारत नाही, सांगून टाकता. वळण छोटं असेल तर इंडिकेटर आपोआप बंद होत नाही, तो बंद करायला विसरू नका. हाताचे इशारेही शिकून घ्या. नियमात ‘हाताने किंवा इंडिकेटरने’ असं लिहिलं आहे.

थांबताना आधी ब्रेक, क्लच शेवटी. बरेच जण घाबरून आधी क्लच दाबतात. मग इंजिनाची पकड सुटते आणि गाडी मोकळी धावते, ब्रेकला जास्त काम पडतं. दहाच्या आसपास वेग आला की क्लच. अचानक थांबायचं असेल तर ब्रेक जोरात, क्लच जवळजवळ सोबतच, आणि स्टिअरिंग सरळ.

गिअर बदलताना खाली बघू नका. ताशी ४० किलोमीटर वेगाला गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. म्हणजे एक सेकंद खाली पाहिलंत तर तेवढं अंतर आंधळेपणाने गेलात. गिअरची जागा हाताला पाठ व्हायला घरी, इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून पंधरा मिनिटांचा सराव पुरतो.

मुंबई नाक्यासारख्या मोठ्या सर्कलला आत शिरताना उजवीकडून येणाऱ्या, सर्कलमध्ये आधीच असलेल्या वाहनांना आधी जाऊ द्या. सिटीलिंकची बस स्टॉपवर उभी असेल तर तिच्यापुढून माणूस रस्त्यावर येणार हे धरूनच चला. झेब्रा क्रॉसिंगच्या आधीची थांबण्याची रेषा ओलांडून उभं राहू नका. शहरात सगळेच उभे राहतात हे खरं, पण ती सवय टेस्टला दिसते आणि रस्त्यावर ज्येष्ठ माणसांना, शाळेच्या मुलांना अडवते.

‘समोरचा काय करेल याचा आधी अंदाज घेणं’ हासुद्धा नियमातल्या यादीचा भाग आहे. यासाठी सरावात बोलत चालवा: ‘रिक्षा थांबतेय, दार उघडेल’, ‘पोरगा बॉलमागे येईल’. नजर नीट फिरते की नाही ते शेजारी बसलेल्याला लगेच कळतं.

टेस्टच्या दिवशी

लर्निंग लायसन्स, अर्जाची आणि स्लॉटची पावती, गाडीचं आरसी, चालू विमा, चालू पीयूसी. वय ४० च्या पुढे असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र, नमुना १ए. ज्या वर्गाची टेस्ट त्याच वर्गाची गाडी. पीयूसी कालच संपली म्हणून परत फिरावं लागणं फार जिवावर येतं, म्हणून आठवडाभर आधी तारीख बघा. ब्रेक लाइट आणि चारही इंडिकेटर लागतात का, हॉर्न वाजतो का, टायरमध्ये हवा आहे का, हेही आदल्या दिवशीच.

बूट पातळ तळव्याचे घाला. चपलेत क्लच जाणवतो पण ती पेडलखाली अडकते, जाड तळव्यात क्लचची पकड जाणवतच नाही. पावसाळ्यात ओला तळवा पेडलवरून सटकतो, म्हणून बसण्याआधी पायपुसण्यावर बूट पुसा. काच आतून धुरकटली तर एसी सुरू करून हवा काचेवर सोडा, हाताने पुसत बसू नका.

गाडी ड्रायव्हिंग स्कूलची असेल तर आदल्या दिवशी त्याच गाडीवर अर्धा तास चालवा. त्याच मॉडेलची दुसरी गाडी चालणार नाही, क्लच वेगळ्या जागी पकडेल.

इन्स्पेक्टर सूचना देतील ती पूर्ण ऐका. नीट ऐकू आली नाही तर ‘साहेब, परत सांगाल का?’ असं विचारलं तर कोणी नापास करत नाही. ‘पास करून देतो’ म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. लायसन्स विकत मिळालं तरी चढावर मागे सरकणारी गाडी तीच राहते, फक्त मागे आता रिक्षा असते.

नापास झालात तर कारण विचारा आणि लिहून ठेवा. सात दिवसांत सगळं पुन्हा शिकायला जाऊ नका. मागचं चाक लागलं असेल तर सातही दिवस फक्त एच. बहुतेकदा एकच गोष्ट बिनसलेली असते.

पास झालात की लायसन्स पोस्टाने घरी येतं, म्हणून अर्जातला पत्ता आणि पिनकोड बरोबर हवा. कार्ड येईपर्यंत डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत चालते. कार्ड हातात आलं की नाव, जन्मतारीख आणि वाहनाचे वर्ग तपासा. दोन टेस्ट दिल्या असतील तर दोन्ही वर्ग त्यावर हवेत. मुदतही बघून ठेवा: ३० च्या आत लायसन्स काढलं तर ते वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं, ३० ते ५० दरम्यान काढलं तर १० वर्षं, ५० ते ५५ दरम्यान वयाच्या साठीपर्यंत, आणि पुढे दर वेळी ५ वर्षं.